टोपीतला धूर

माय हापशीवरून पाणी आणताना वाटेत दोनदा थांबायला लागली, त्या वर्षी मी प्रयोगशाळेतल्या उणे वीस अंशांच्या खोलीत बसून अंटार्क्टिकाचा बर्फ तासत होते. त्या बर्फात धूर सापडतो का आणि सापडला तर तो कुठल्या आगीचा, हे शोधणं माझं काम होतं. हे ऐकून लोक हसतात. मलाही आधी हसूच आलं होतं. गडचिरोलीकडे, धानोऱ्यापासून आत, जंगलाला चिकटलेल्या एका धानाच्या गावात मी वाढले. धूर शोधायला पृथ्वीच्या टोकापर्यंत जावं लागतं असं तेव्हा कुणी म्हटलं असतं, तर मी म्हटलं असतं, आमच्या घरी या आणि हवा तेवढा पोत्यात भरून न्या.

काम समजायला सोपं आहे, करायला किचकट. बर्फ पडतो तेव्हा हवेतले बारीक कण सोबत घेऊन पडतो. ध्रुवावर तो वितळत नाही, वर्षावर वर्ष साचत जातो. त्यात खोल भोक पाडून लांब कांडी काढली, की वर नवी हवा आणि खाली जुनी. कांडीचे तुकडे करायचे, वितळवायचे आणि त्या पाण्यात काय आहे ते यंत्राला विचारायचं. सोडियम दिसलं तर ती समुद्राची खार. कॅल्शियम दिसलं तर कुठल्या तरी वाळवंटाची धूळ. आणि एक साखर अशी आहे की ती लाकूड जळल्याशिवाय तयारच होत नाही. ती दिसली, सोबत पोटॅशियमही वाढलेलं दिसलं, तर समजायचं की त्या वर्षी कुठे तरी मोठं जंगल पेटलं होतं आणि त्याचा धूर वाऱ्यावर बसून इथवर आला होता.

हे सगळं इतकं कमी असतं की कापणाऱ्याचा घामसुद्धा घात करतो. म्हणून अंगभर पांढरा सूट, हातमोज्यांवर हातमोजे, तोंडाला पट्टी. कांडीचा बाहेरचा थर सुरीने तासून फेकायचा, आतला गाभा तेवढा घ्यायचा. डोक्याला प्रयोगशाळेने दिलेलीच टोपी घालायची, असा नियम होता. ती कागदासारखी पातळ होती. अर्ध्या तासात माझे कान ठणकायला लागायचे.

हे मी एकदा मायला फोनवर सांगितलं होतं, सहज, तक्रार म्हणून. तिने ते लक्षात ठेवलं. थंडीत धानोऱ्याच्या बाजारातून लोकरीची कानटोपी घेतली, किरमिजी रंगाची, आणि मी येईपर्यंत चुलीवरच्या मचाणावर टांगून ठेवली. आमच्याकडे जपायची वस्तू धुरात ठेवतात. बियाण्याची मक्याची कणसं, भोपळ्याच्या बिया, लाखोळीच्या डाळीचं गाठोडं, सगळं चुलीच्या वर बांबूच्या मचाणाला लटकलेलं असतं. धुराने कीड लागत नाही. लोकरीला कसर लागते हे मायला माहीत होतं, म्हणून टोपीही तिथेच गेली. मोहाची फुलं पडायच्या दिवसांत मी घरी गेले तेव्हा तिने ती काढली, दोनदा झटकली आणि माझ्या डोक्यावर बसवली.

"आता नाई दुखणार तुहे कान," ती म्हणाली आणि एवढं बोलून खाटेच्या कडेला बसली. दम लागला होता.

मी विचारलं, "माय, तुले दम काऊन लागून राह्यला?"

"वय झालं नं बाई."

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही मोह वेचायला गेलो. झाडाखालचा पाला आदल्या संध्याकाळी जाळून ठेवलेला होता. असं केलं की काळ्या जमिनीवर पिवळी फुलं लांबून दिसतात. जंगलभर तसाच धूर उठलेला होता, जिकडे मोहाचं झाड तिकडे. गावातल्या बायका खोकत खोकत वेचत होत्या आणि एकमेकींची थट्टाही करत होत्या. माय मात्र वाकायची, चार फुलं उचलायची आणि गुडघ्यावर हात ठेवून उभी राहायची. मी म्हटलं, चल, गडचिरोलीला दवाखान्यात दाखवून येऊ. ती म्हणाली, मोह संपू दे. माझी सुट्टी संपत आली होती. मी जास्त बोलले नाही. एरवी मी तापट म्हणून बदनाम आहे, फालतू गोष्टींवर घर डोक्यावर घेते. त्या दिवशी जिथे भांडायला हवं होतं तिथे मी गप्प बसले.

प्रयोगशाळेत परत आल्यावर मी ती कानटोपी सूटच्या आत घालायला लागले. नियम मोडतेय हे मला माहीत होतं. पण सूटच्या टोपीखाली ती कुणाला दिसत नव्हती, कान गरम राहत होते आणि मायने दिलेली होती. लोकर नवी, स्वच्छ. तिच्यात काय असणार, असं मी स्वतःला सांगितलं.

दुसऱ्याच आठवड्यात यंत्राच्या पडद्यावरची रेघ वर गेली.

पोटॅशियम वर, ती साखर वर. वरखालच्या तुकड्यांत काही नाही आणि ओळीने तीन तुकड्यांत एवढा धूर. मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. कोरा नमुना तपासला. म्हणजे नुसतं अतिशुद्ध पाणी गोठवून, त्याच सुरीने कापून पाहतात तो. तो स्वच्छ होता. तो आणि वरखालचे स्वच्छ तुकडे मी गावी जायच्या आधी कापलेले होते, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. आमचे सर कमी बोलणारे. त्यांनी रेघ बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "जोडीचा अर्धा भाग काप. तोच पुन्हा दिसला तर बोलू."

कांडी उभी चिरून तिचा एक अर्धा भाग राखून ठेवलेला असतो, अडीअडचणीला. तो संपला की त्या वर्षांचा बर्फ संपला. पुन्हा तिथे जाऊन तीच वर्षं काढून आणता येत नाहीत. मी तो राखीव भाग काढला, तेच तीन तुकडे कापले, त्याच टोपीने. रेघ पुन्हा वर गेली. आधीपेक्षा थोडी जास्तच.

त्या दिवशी मी मायला फोन केला. मला राहवलंच नाही.

"माय, बर्फात धूर सापडला."

"कोनाचा?"

"तेच शोधून राह्यली."

"मंग सापडला की सांगजो," ती म्हणाली. मध्ये दोनदा श्वास घेतला. मी ते ऐकलं आणि पुढे माझंच सांगत राहिले. दक्षिण अमेरिकेचं जंगल असेल, आफ्रिकेचं गवत असेल, ऑस्ट्रेलिया असेल. तिला ही नावं माहीत नव्हती, पण ती हूं हूं करत होती. पुढचे काही दिवस मी नकाशे आणि वाऱ्याच्या दिशा घेऊन बसले. मनातल्या मनात मी भाषणसुद्धा तयार केलं होतं.

मग एके दुपारी कपडे बदलायच्या खोलीत माझ्यासोबत काम करणारी मुलगी म्हणाली, "तू काय रोज चुलीवरचं जेवून येतेस का गं?" ती कोकणातली, मोकळी, थट्टेखोर.

"का?"

"छान धुरकट वास येतो तुझा. गावाहून आल्यापासून रोज येतोय. या टोपीचाच आहे बघ."

मी टोपी काढून नाकाला लावली. मला काहीच वास आला नाही. लोकर होती, बस. पुन्हा लावली. काही नाही. ती माझ्याकडे पाहत होती आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं, कारण माझा चेहरा तिला दिसत होता.

मी टोपीच्या कडेची लोकर कात्रीने नखाएवढी कापली, अतिशुद्ध पाण्यात बुडवली आणि ते पाणी यंत्रात घातलं. रेघ वर गेली ती पडद्याच्या बाहेर गेली. यंत्राने मोजपट्टी बदलली, तरी ती बाहेरच. तेच पोटॅशियम, तीच साखर. दक्षिण अमेरिका नाही, आफ्रिका नाही. आमच्या स्वयंपाकघरातली चूल. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण मी शाळेत निबंधात वापरून गुण मिळवले होते.

सरांना सांगताना मी रडले नाही. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "दोन्ही अर्धे भाग गेले." एवढंच. मग म्हणाले, "टोपी पिशवीत बंद कर. चिठ्ठी लाव. नोंद राहायला हवी." मी ती झिप लावायच्या जाड पिशवीत घातली, हवा दाबून काढली आणि चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात लिहिलं, 'दूषणाचा स्रोत'. तारीख घातली आणि फळीवर ठेवली. त्या तीन तुकड्यांत खरोखर काय होतं ते आता कुणालाच कधी कळणार नाही. माझ्यानंतर येणाऱ्यांनाही नाही.

लाज वाटत होती, पण तिच्याहून वाईट एक गोष्ट मला खोलीवर जाताना रस्त्यात कळली. मी चालता चालता थांबले. टोपी मचाणावर किती दिवस होती? एक हिवाळा. आणि माय त्या चुलीसमोर किती वर्षं होती? लग्न होऊन आली तेव्हापासून. भिंती काळ्या, छत काळं, मचाण काळं. फुंकणी तोंडाला लावून ती जाळ करायची, आणि जाळ करताना जो श्वास आत घ्यावा लागतो तो त्याच धुरातला. नखाएवढ्या लोकरीने यंत्राची रेघ बाहेर नेली होती. धूर कुणाचा, कुठून आला, कुणाच्या वाट्याला गेला, हे शोधायचा पगार घेणारी बाई मी, आणि मोहाच्या झाडाखाली ती गुडघ्यावर हात ठेवून उभी असताना मी तिचं वयाचं कारण धरून गप्प बसले.

भावाला फोन करून सांगितलं, उद्याच गडचिरोलीला घेऊन जा, मी येतेय.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. त्याने छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि मायला विचारलं, "बिड्या ओढता का?"

माय पदर तोंडाला लावून हसली. "कधी तोंडाले नाई लावली जी."

भाऊ मध्येच म्हणाला, "साहेब, हे चंद्रपूरकडच्या कोळशाचं असंल. वारा तिकडूनच येते."

"त्या चंद्रपूरला राहिल्यात का कधी?"

"नाई."

"स्वयंपाक कशावर?"

भाऊ माझ्याकडे पाहायला लागला. त्याला वाटत होतं, बहीण शिकलेली आहे, ती काहीतरी सांगेल आणि दोष दुसऱ्या कुणाचा तरी निघेल. मलाही तसं व्हायला हवं होतं. दुसऱ्याचा धूर निघाला असता तर निदान कुणावर तरी चिडता आलं असतं.

"चुलीवर," मी म्हणाले.

डॉक्टरने मान हलवली. त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं की जे गेलंय ते परत येत नाही. औषधाने थोडं सुसह्य होईल. धूर मात्र आजपासून बंद.

बाहेर बाकावर माय पाय लांब करून बसली होती. मला पाहून तिने विचारलं, "तुह्या बर्फातला धूर कोनाचा निंगाला?"

मला खोटं सुचलं नाही. "तुहा, माय."

मग तिच्या डोळ्यांत जे आलं ते मी विसरू शकत नाही. ती खूश झाली होती. "माह्या चुलीचा? तेथवरी गेला?" ती हसायला लागली आणि हसता हसता खोकायला लागली, आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. टोपीचं, पिशवीचं, वाया गेलेल्या बर्फाचं सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. गावात परतल्यावर तिने ही बातमी शेजारच्या बाईला सांगितली, हापशीवर सांगितली. पृथ्वीच्या टोकाला बर्फ आहे आणि त्या बर्फात आमच्या चुलीचा धूर गेलाय, पोरीने मशीनवर पाह्यला.

त्याच संध्याकाळी मी लोखंडी सब्बल घेऊन चूल फोडली. घरात सरकारी योजनेतलं गॅसचं सिलिंडर होतं, पाहुण्यांच्या चहापुरतं वापरायचे. आता सगळं त्यावरच होईल, असं मी जाहीर केलं. माय दारात उभी होती.

"मी मेली का?" ती म्हणाली. "माह्या डोळ्यांदेखत काऊन मोडून राह्यली?"

"तू मरू नये म्हणून मोडून राह्यली!" मी ओरडले. हा माझा तापटपणा तिला पाठ होता. माती निवल्यावर तिने तिचे तुकडे सुपात भरले आणि परसात नेऊन टाकले. दोन खेपांत झालं, मध्ये बसून. वहिनीने मचाणावरचं बियाणं काढून डब्यांत भरलं. पुढच्या पावसाळ्यात त्यातल्या लाखोळीला कीड लागली.

गॅसवरचं जेवण मायला कधी आवडलं नाही. भाजी चाखून म्हणायची, कोनाच्या घरची हाय ही? पण नियम तिने पाळला. चूल गेली, मोह वेचणं गेलं, हापशी गेली. पुढची थंडी येईपर्यंत खाटेजवळ ऑक्सिजनचं मशीन आलं आणि ते दिवसभर घुरघुरायला लागलं. मी रजा काढून आले होते. माझ्या मनात हिशेब होता की धूर बंद केलाय, म्हणजे काहीतरी सावरेल. डॉक्टरने नाही म्हटलं होतं तरीसुद्धा.

एका दुपारी तिने नाकातली नळी सरकवली आणि मला जवळ बोलावलं.

"बाई, आंगनात तीन गोटे मांड. एक काडी लाव."

"कायले?"

"वासापुरती."

"नाई माय. मशीन चालू हाय. आग जवळ नाई चालत."

"दूर लाव. आंब्याखाली."

"नाई म्हटलं नं. डॉक्टरनं सांगितलं नं आपल्याले."

मी तिला समजावूनही सांगितलं, धुरात काय काय असतं, ते छातीत कसं बसतं. विद्यार्थ्यांना सांगतात तसं सांगितलं. ती ऐकत होती. मग तिने भिंतीकडे तोंड केलं. ती भिंत वहिनीने चुन्याने पांढरी केलेली होती.

तिसऱ्या दिवशी माय गेली. प्लॅस्टिकच्या नळीचा वास घेत गेली.

मी चुकले. हे मी कुणाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही. आंब्याखाली, वारा पलीकडे जातोय ते पाहून, मशीनपासून पन्नास पावलं दूर मूठभर पाला पेटवला असता तर तिचं काही बिघडणार नव्हतं. बिघडायचं ते सगळं आधीच बिघडलं होतं. वाऱ्याची दिशा पाहणं हे तर माझं कामच आहे. चुलीसमोर वाकलेल्या बाईला अडवायला हवं होतं तेव्हा मी अडवलं नाही, आणि नंतर तिला द्यायला हवं होतं ते दिलं नाही.

परत कामावर आले. बर्फ तासते. पातळ टोपी घालते, कान दुखतात. घरून आता तांदूळ येतात ते डब्यातले, गोधडी येते ती पेटीतली. पूर्वी प्रत्येक वस्तू त्या मचाणाखालची असायची, म्हणजे इतकी वर्षं दूर राहूनही मी त्याच वासात राहत होते आणि म्हणूनच मला तो कधी आला नव्हता, हे मला फार उशिरा कळलं.

कळलं ते असं. जुने नमुने आवरताना फळीवर ती पिशवी हाताला लागली. चिठ्ठीवर माझं अक्षर, 'दूषणाचा स्रोत'. मी दार लावून घेतलं, झिप थोडी उघडली आणि नाक आत घातलं. आला. मोहाच्या लाकडाचा, धानाच्या तुसाचा, तिच्या पदराचा. जन्मात पहिल्यांदा मला आमच्या घराचा वास आला.

मी लगेच झिप लावली. आतापर्यंत तीनदा उघडली आहे. दर वेळी थोडा कमी येतो.